पाचवी चांदणी

हौसाक्काच्या पसरलेल्या पायांवर ओजस पालथा पडला होता आणि मी न्हाणीघराच्या दारात उभी राहून लोकांनी तिच्याबद्दल काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवत होते.

"'मालिश ठीक. बाळ किरकिरं आहे.' चार स्टार."

"कोन म्हनतंय?"

"मगदूम. मंगळवार पेठेतले."

हौसाक्का हसली. तिचे हात थांबले नाहीत. अंगठे ओजसच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरत होते, परत वर जात होते. "त्यांची नात किरकिरी? आगं, आंगाला हात लागला की झोपती ती. पानी घालून उठवावं लागतंय."

"मग असं का लिहिलं त्यांनी?"

"आता मला काय म्हाईत. फुडचं वाच."

"'बाई वेळेवर येतात. बाळ अंग धरत नाही.' चार स्टार. शिकलगार."

आता मात्र हात थांबले. "अंग धरत न्हाई? काखंत वळ्या पडल्यात त्या पोराच्या! पावडर लावायला बोट आत जात न्हाई."

मी पुढे वाचलं नाही. माझ्या नवऱ्यानं, सतेजनं दिलेला सोडला तर पानावर सहा रिव्ह्यू होते. सहाही चार-चार स्टारचे, आणि प्रत्येकात बाळाबद्दल काहीतरी तक्रार. ही सहाच्या सहा बाळं मी स्वतः पाहिली होती. एकेकाचे गाल खांद्यावर आलेले. महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

"कमी हाय का चार?" हौसाक्कानं विचारलं.

"कमीच आहेत, अक्का. पाच हवेत."

"पाचातल्या चार म्हंजे बऱ्याच झाल्या की," ती म्हणाली आणि कोमट पाण्याचा तांब्या उचलून कोपरानं पाणी तपासायला लागली.

ओजस तेव्हा आठ महिन्यांचा होता. सातव्यातच झाला होता तो, एक किलो सहाशेचा. तेवीस दिवस काचेच्या पेटीत होता आणि मी काचेच्या बाहेर. घरी आणल्यावरही माझ्या लेखी ती काच गेलीच नव्हती. तो झोपला की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. दिवसातून तीनदा त्याचं वजन करायची, तेही स्वयंपाकघरातल्या काट्यावर, कारण डॉक्टरांचा काटा मला खोटा वाटायचा. हौसाक्का पहिल्यांदा आली त्या दिवशी मी तिला दारातच विचारलं होतं, "हात धुतले का?"

"धुतले."

"साबणानं?"

"साबनानं."

"परत धुवाल का?"

तिनं परत धुतले. मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि ओजसला पायांवर घेतलं. त्याला बघून लोक हटकून "बाई गं, केवढंसं हे!" म्हणायचे. ती तसलं काही बोलली नाही. अशी मी होते, आणि अशी ती होती. सात महिन्यांत तिच्या हाताखाली तो साडेसात किलोंचा झाला. नाकाखाली बोट धरणं मी त्यातल्या सहाव्या महिन्यात सोडलं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. त्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डावर हौसाक्काचं पोट होतं. बावीस वर्षं तिथल्या आयाबाया घरी जाणाऱ्या बाळंतिणीच्या कानात सांगायच्या, "मालिशला हौसाबाईंना बोलवा." एवढीच तिची जाहिरात. त्या वर्षी दवाखान्यात नव्या पीआरओ मॅडम आल्या आणि त्यांनी हे कानात सांगणं बंद केलं. आता छापील यादी. हौसाक्का मला म्हणाली, "तू शिकल्याली हायस. ह्यातलं काय ते जरा बघ." मी बीसीए झालेली. ओजसच्या आधी तीन वर्षं एका ऑफिसात दुकानांच्या वेबसाइट बनवायची. हे काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं.

मॅडम बोलायला वाईट नव्हत्या. टेबलावर पेन आडवा-उभा करत म्हणाल्या, "आम्ही नाव सुचवलं की जबाबदारी आमच्यावर येते हो. उद्या काही झालं तर? म्हणून नियम केलाय. गुगलवर किमान बारा रिव्ह्यू, सरासरी साडेचार. एकतीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता यादी छापायला जाते. मग वर्षभर तीच."

"ह्यांना बावीस वर्षं झाली मॅडम, तुमच्याच वॉर्डातली बाळं..."

"मी ओळखते त्यांना. माझ्या बहिणीच्या मुलाला ह्यांनीच केलं मालिश. पण माझं ओळखणं यादीत लिहिता येत नाही ना." त्यांनी दाराकडे बघितलं. हौसाक्का चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभी होती. "आणि आता स्टेशन रोडला ते मदर-बेबी सेंटर झालंय. त्यांचे दोनशे रिव्ह्यू आहेत. चार पूर्णांक नऊ."

बाहेर आल्यावर हौसाक्कानं विचारलं, "काय म्हनल्या?"

"लोकांनी तुमच्याबद्दल लिहायला हवं."

"मानसं तोंडानं बोलत्यात की."

"तोंडाचं चालत नाही आता."

मग मी कामाला लागले. गुगलवर तिच्या नावाचं पान उघडलं. चौकोनी कोडचं कार्ड छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं. वर लिहिलं, 'आमचं काम आवडलं? इथे सांगा.' कार्ड तेलाच्या बाटलीला बांधून दिलं. चार दिवसांत गिऱ्हाइकांचा एकही रिव्ह्यू नाही. चौकशी केली तर कार्डावर तेलाचा थर, फोनला काही दिसतच नव्हतं. म्हणून ते तिच्या पिशवीच्या बंदाला बांधलं. तरीही नाही. तेव्हा कळलं, सव्वा महिना बाळंतिणीच्या हातात फोनच नसतो. डोळ्यांवर ताण नको म्हणून सासूनं तो कपाटात ठेवलेला असतो. सासवांकडे फोन होते, पण चौकोन दिसला की त्यांना वाटायचं पैसे मागतायत. "पैसे दिले की हो मागच्या आठवड्यात," असं एकीनं हौसाक्कालाच ऐकवलं. शेवटी मी चित्रं काढली. लाल बाण, 'इथे दाबा', 'आता इथे दाबा', 'चांदण्या निवडा'. चांदण्या हा हौसाक्काचा शब्द. ती चित्रं प्रत्येक घरच्या व्हॉट्सअपवर पाठवली. इतकं सोपं की ओजसलाही जमलं असतं.

आणि मग ते सहा आले, चार-चारचे.

दुसऱ्या दिवशी ओजसला टोपडं घालून, पोटाशी बांधून, मी रिक्षा केली आणि मगदूमांच्या दारात जाऊन उभी राहिले. मगदूम आजी ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. आतून नात रडल्याचा बारीकसाही आवाज येत नव्हता.

"या, या. हा का तुमचा?" आजींनी ओजसकडे बघितलं, पटकन नजर काढली आणि लसणाकडे बघत म्हणाल्या, "बारीकच आहे हो अजून."

"साडेसात किलो आहे, आजी!"

"हळू. ओरडू नका." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "असलं आकड्यात सांगू नये कुणाला."

तेव्हा तरी मला कळायला हवं होतं. पण मी भांडायच्या तयारीनं आले होते. "आजी, तुमची नात किरकिर करते?"

"छे! गुणाची आहे."

"मग तसं का लिहिलंत? आणि चारच का? हौसाक्काचं काही चुकलं का?"

"तिचं काय चुकायचंय? देवाचे हात आहेत बाईचे. बारशाला लुगडं नेसवलंय मी तिला, पाचशेचं नाही, चांगलं इरकली." आजींनी सुरी खाली ठेवली. "सुनेनं पाचच दाबलेल्या. मीच म्हटलं, एक काढ."

"का पण?"

"वेड्या आहात का वहिनी? पोरगी आमची, नाव आमचं. सगळ्या जगाला दिसेल असं लिहायचं की हिचं सगळं भरभरून चाललंय? कोण बघतंय, कुणाची नजर कशी, काय ठाऊक? एक कोरी राहू दे. तीट म्हणून."

मी ओट्याच्या कडेला टेकले. "आजी, ते स्टार बाळाला नसतात हो. बाईच्या कामाला असतात."

"बाईचं काम म्हणजे काय?"

"मालिश."

"मालिश म्हणजे काय? बाळच की. काम चांगलं झालं म्हणजे बाळ चांगलं झालं. दोन्ही वेगळं कसं काढणार, सांगा बघू."

तीन वर्षं वेबसाइट बनवलेली मी, सरळ यादीवर आले.

"ह्या चारमुळे अक्काचं यादीतलं नाव जाईल, आजी. वर्षभर काम मिळणार नाही तिला." मी सगळं समजावून सांगितलं. बारा, साडेचार, एकतीस तारीख. आजींनी नीट ऐकून घेतलं. डोळे भरले त्यांचे, खोटं कशाला सांगू. म्हणाल्या, "बिचारी. आणखी कुणाला तरी सांगा हो पाच द्यायला."

"तुम्हीच करा ना पाच. सुनेला सांगते मी, एका मिनिटाचं काम आहे."

"छे गं बाई! एकदा लावलेली तीट पुसतात का?"

शिकलगारांकडे गेले. बाळाच्या आईच्या, शाहीनच्या अम्मींनी दुधाचा चहा दिला, ओजसच्या हातात खारी दिली आणि म्हणाल्या, "माशाल्ला म्हणतो आम्ही. पण एक कमी ठेवलेली बरी. नजर काय जात बघून लागते का?" इतर घरी उत्तर तेच, फक्त चहाची चव वेगळी. सहापैकी एकीनंही बदलला नाही. प्रत्येकीनं हौसाक्काला आशीर्वाद दिले आणि प्रत्येकीनं मला दुसरं घर दाखवलं.

रात्री सतेजला सांगताना मला रडू यायला लागलं, रागानं. "शिकलेल्या बायका आहेत त्यांत! शाहीन फार्मसिस्ट आहे! ह्या लोकांच्या चांगल्या वाटण्यानंच ती बाई उपाशी मरणार."

सतेज ओजसला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. "तीट कुठे लावतात?" तो म्हणाला. "गालावर, कपाळावर. कुठेही चालते ना? मग स्टारवरच कशाला? शब्दांत लावू दे की."

त्याला कधीकधी असं सुचतं. उरलेल्या गिऱ्हाइकांना मी तसंच सांगितलं. पाचही चांदण्या द्या, खाली वाटेल ते वाईट लिहा. चार घरं तयार झाली. आणि पानावर असे रिव्ह्यू आले, की कुणी वाचले असते तर डोक्याला हात लावला असता. 'बाळ काळं, रडकं. तेल अंगात मुरत नाही.' पाच स्टार. 'काही उपयोग नाही. बाळ आजोबांसारखंच हडकुळं.' पाच स्टार. 'बाई फार बोलतात.' पाच स्टार. चौथा तर नुसता, 'वाईट.'

हौसाक्काला वाचून दाखवले तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. "बोलतीया मी लय, ते खरंच हाय."

का कोण जाणे, तिटेचं मी तिला सांगितलं नाही. गिऱ्हाइकं स्टार कापतात का, तर दृष्ट लागेल म्हणून, हे मी सतेजला सांगितलं, आईला फोनवर सांगितलं, मैत्रिणींच्या ग्रुपवर हसत-हसत टाकलं. फक्त जिच्या पोटाचा प्रश्न होता तिला नाही. मला वाटलं, तिला काय समजणार ह्यातलं.

एकतीस तारीख उजाडली. पानावर अकरा रिव्ह्यू होते. पाच पाचचे, सहा चारचे. मी कागदावर मांडून बघितलं. बारावा पाचचा आला, की सरासरी बरोबर साडेचार. ना वर, ना खाली.

साडेतीनला पीआरओ मॅडमचा फोन आला. "अकरा दिसतायत मला. पाचपर्यंत वाट बघते. मलाही वाटतं हो त्यांचं नाव यावं."

"मजकूर वाचला नाही ना तुम्ही?" मी घाबरत विचारलं.

"मी आकडा वाचते," त्या म्हणाल्या.

दीड तास होता. आणखी कुणाला फोन करता आला असता. मी केला नाही, कारण बारावं कोण हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझाच राहिला होता. 'मी शेवटी लिहीन, निवांत, मोठा लिहीन,' असं मी सगळ्यांना सांगत आले होते. सतेजनंही दोनदा विचारलं होतं, "तुझा कुठाय?"

ओजस झोपला होता. मी त्याच्या शेजारी बसून लिहायला घेतलं. एक किलो सहाशेपासून सुरुवात केली. काचेची पेटी लिहिली. हात परत धुवायला लावले तेही लिहिलं. पहिल्यांदा तो तिच्या पायांवर खळखळून हसला तो दिवस लिहिला. साडेसात किलो लिहिलं.

आणि साडेसात किलो लिहिल्यावर माझा अंगठा थांबला.

सतेजनं पहिल्याच दिवशी पाच स्टार देऊन लिहिलं होतं, 'आमचा ओजस एकदम गुटगुटीत झाला!' त्याच्या तिसऱ्या दिवशी ओजसला ताप भरला, जुलाब झाले आणि दोन दिवसांत तो तीनशे ग्रॅमनं उतरला. साथ होती. डॉक्टर म्हणाले, अशी नऊ मुलं आज बघितली. मला माहीत होतं साथ आहे. मी सतेजला एवढंच म्हणाले, "ते गुटगुटीत काढून टाक. बरं नाही दिसत." त्यानं काढलं. का, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मगदूम आजींच्या ओट्यावर बसून वाद घालत होते तेव्हाही हे माझ्या मनात होतं. सगळा वेळ होतं.

मी लिहिलेलं सगळं पुसलं. नुसते स्टार द्यायचे ठरवलं. एक दाबली, दोन, तीन, चार. ओजसनं झोपेत श्वास घेतला, अडखळला, परत घेतला. बऱ्याच दिवसांनी माझं बोट आपोआप त्याच्या नाकाखाली गेलं.

मी चारवरच पाठवून दिलं.

सव्वाचार झाले होते. मग पाचपर्यंत मी फोन हातात धरून बसून राहिले. बदलता येत होतं. 'बदला' असं लिहिलेलं समोर दिसत होतं, माझ्याच लाल बाणांनी दाखवावं इतकं स्पष्ट. पाचला दोन मिनिटं कमी असताना ओजस उठला आणि रडायला लागला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पान दाखवत होतं, चार पूर्णांक चार.

दुसऱ्या दिवशी हौसाक्का आली तेव्हा मी दारातच सांगून टाकलं. "एक कमी पडला, अक्का."

"कुनाचा?"

"माहीत नाही."

ती पिशवी खुंटीला लावत म्हणाली, "आसंल. कुनाच्या घरात लेकरू आजारी आसंल." आणि हात धुवायला गेली. मी न सांगताच तिनं दोनदा धुतले.

तिची हातातली दोन घरं पुढच्याच आठवड्यात संपली. नवीन बोलावणं एकही आलं नाही. तिनं स्टेशनजवळच्या एका खानावळीत सकाळ-दुपार भाकऱ्या थापायचं काम धरलं आणि आमच्याकडे नऊऐवजी अकराला यायला लागली. तळव्यांना चटके बसलेले. तेल लावताना ती मनगटानं लावायची, तरी ओजसला कधी खरखरीत लागू दिलं नाही.

अशाच एका सकाळी, ओजसला न्हाऊ घालून झाल्यावर, त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेत ती म्हणाली, "ते काय लिवलंय लोकांनी, ते दाखव की एकदा. नुसतं वाचलंस तू. मी बघितलंच न्हाई."

"तुम्हाला काय दिसणार त्यात, अक्का? वाचता येत नाही ना."

"वाचाय न्हाई येत. चांदन्या मोजाय येत्यात."

मी फोन पुढे केला. काय करणार होते? तिचं तेलकट ओलं बोट काचेवरून वर सरकलं. प्रत्येक नावाशी एक गोल फोटो असतो. कुणाचा देव, कुणाचं फूल. सगळ्यात वर, सर्वांत नवा, माझा होता. माझ्या फोटोच्या जागी ओजसचं तोंड.

"ह्यो आपला ओजा न्हवं?" ती खूश होऊन म्हणाली. आणि मोजायला लागली. "येक. दोन. तीन. चार."

पुढे जाऊन बोट थांबलं. कोऱ्या चांदणीवर तेलाचा ठसा उमटला.

"अक्का, मी..."

"आदी त्याला टोपडं घाल. गार पडंल."

मी टोपडं घातलं. मग सगळं सांगितलं तिला. मगदूम आजी, एक कोरी राहू दे, तीट पुसत नाहीत, सतेजनं लिहिलेलं गुटगुटीत, ताप, सगळं. ती ओजसच्या पायाच्या बोटांमधलं पाणी टिपत ऐकत होती. मला वाटलं ती उठून जाईल. उठून जायला हवं होतं, असं अजूनही वाटतं.

"म्हंजे नजर लागंल म्हनून?" ती म्हणाली. "सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"आनि हे तुला कवापासनं म्हाईत?"

"एकवीस तारखेपासून."

"मग बया, मला का न्हाई सांगितलंस?" आता तिचा आवाज चढला. पहिल्यांदाच. "साऱ्या मिरजंला इचारत फिरलीस रिक्षा करून. मी हितंच बसल्याली की रोज, तुझ्या मोरीत! बावीस वर्सं काय करतीया मी? लेकरू न्हाऊन झालं की पहिलं काय करती?"

तिनं पिशवीत हात घातला, काजळाची डबी काढली. उघडली. ओजसच्या कानामागे आणि तळपायाला एकेक बोट लावलं, रोजच्यासारखं. मग पिशवीच्या बंदाला बांधलेलं माझं कार्ड ओढून पुढे घेतलं, पदरानं खसाखसा पुसलं आणि कोपऱ्यात, कोडच्या बाहेर, काजळाचा एक ठसठशीत ठिपका लावला.

"ही घे तीट. लागली. आता त्यांच्या पोरास्नी काय हुतंय?"

ठिपका प्लॅस्टिकवर चमकत होता. मी बघत राहिले. कोड, बाण, चित्रं, सतेजची युक्ती, आणि हे इतकं सोपं.

"आता दे," हौसाक्का म्हणाली.

तिच्यासमोर मी 'बदला' दाबलं आणि पाचवी चांदणी भरली. अंगठा जराही अडला नाही. आकडा हलला. चार पूर्णांक पाच. यादी छापून तीन आठवडे झाले होते.

तिनं ओजसला माझ्याकडे दिलं, डबी मिटली आणि पिशवी उचलली. "चलते. दुपारच्या भाकऱ्या थापायच्यात."

त्या आठवड्यात मगदूमांकडून पाच आले, शिकलगारांकडूनही. ज्यांनी तीट पुसायची नाही म्हटलं होतं त्यांनी मी व्हॉट्सअपवर पाठवलेल्या फोटोत कार्डावरची बघितली आणि आपली काढली. पुढच्या वर्षीच्या यादीत हौसाक्काचं नाव सगळ्यात वर होतं. मधलं वर्ष मात्र तिनं भाकऱ्या थापल्या. ओजस चालायला लागला आणि मालिश संपलं, त्यानंतरही अधूनमधून ती येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवून जायची. तळवे तेवढे पहिल्यासारखे मऊ झाले नाहीत.

आता तिची सून रत्ना तेच काम करते. ओजस सातवीत आहे, माझ्या कानापर्यंत आलाय. किती किलोंचा ते मी कुणाला सांगत नाही. दरवर्षी दिवाळीनंतर रत्नासाठी शंभर नवीन कार्डं छापून देणं माझ्याकडे असतं. मीच ते मागून घेतलंय. ह्या वर्षी छापखान्यात नवा माणूस होता. जुनं कार्ड त्यानं स्क्रीनवर मोठं करून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, कोपऱ्यात शाईचा डाग पडलाय. काढून टाकू?"

"तो राहू दे," मी म्हटलं. "आणि जरा ठळक करा."